पद संपल्यावर नाटक कुठे असतं?

‘गायन सुरेल, अभिनय समाधानकारक, नेपथ्य देखणं.’ संगीत नाटकाचं परीक्षण म्हणून हे वाक्य मी आयुष्यभर वाचत आले. वर्तमानपत्रांत वाचलं, स्मरणिकांत वाचलं, स्पर्धांच्या अभिप्रायांत वाचलं. त्यातून काहीही कळत नाही. गायन सुरेल होतं, बरं, मग पुढे काय झालं? त्या गाण्याने नाटकाचं काही भलं झालं, की नाटक तेवढा वेळ दाराशी ताटकळत उभं राहिलं?

मी स्वतः परीक्षणं लिहायला लागले ती नोकरी संपल्यावर. एका छोट्या नियतकालिकाच्या संपादकांनी गळ घातली म्हणून. तोवर मी तिकीट काढून नाटक बघणारी बाई होते, लहानपणी मोठ्यांच्या मांडीवर बसून आणि नंतर स्वतःच्या पैशाने. बघण्याचा सराव दांडगा होता. लिहिण्याची रीत मात्र एकेक प्रयोग बघत जुळवावी लागली, आणि ती जुळवता जुळवता माझं बघणंही बदलत गेलं.

एक प्रश्न मी सुरुवातीलाच धरला आणि अजून सोडलेला नाही: पद, म्हणजे संगीत नाटकातलं गाणं, सुरू होण्याआधी नाटक जिथे होतं, पद संपल्यावर ते तिथेच आहे का? गाता गाता पात्राने काही ठरवलं असेल, कुणाला दुखावलं असेल, निदान स्वतःशी काही कबूल केलं असेल, तर ते पद नाटकाचं. नाहीतर ती मैफल. मैफलीशी माझं वैर नाही, मी मैफलींनाही आवडीने जाते. पण मग परीक्षणही मैफलीचं लिहावं, त्याला नाटकाचं नाव देऊ नये.

तयारी संहितेपासून होते. जुन्या छापील संगीत नाटकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ दिलेली असते: कुठल्याशा कानडी पदाची, लावणीची किंवा उर्दू नाटकातल्या गाण्याची पहिली ओळ. प्रेक्षक त्या पानावरून सहसा पुढे जातात. मी तिथे थांबते. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आलं. त्या नाटकात शंभराहून अधिक पदं आहेत. एवढी पदं आळवत बसलं तर रात्र पुरायची नाही. साकी, दिंडी, कामदा हे छंद गोष्ट सांगण्यासाठीच होते. म्हणायचं आणि पुढे सरकायचं. चाल लोकांच्या कानावरची असली की लक्ष शब्दांकडे राहतं. मग १९११ साली ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी नव्या चाली बांधल्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी रागदारी बंदिशींचं वजन आणलं आणि नटाला गाण्यात रमायला ऐसपैस जागा मिळाली. जागा मिळाल्यावर कोण रमणार नाही? तेही बालगंधर्वांसारखा गळा असताना?

हे माहीत असण्याचा परीक्षणाला थेट उपयोग होतो. किर्लोस्करी नाटकातली दिंडी कुणी तीन मिनिटं आळवली तर ती चूक मी दिग्दर्शकाच्या नावावर टाकते. ‘स्वयंवर’मधलं पद कुणी घाईने आटोपलं, तर तीही. दोन्हींना एकच माप लावून ‘गाणी लांबली’ असं लिहिणं सोपं आहे, पण ते खरं नाही. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ला संगीत देताना केशवराव भोळ्यांनी पदं थोडी आणि आटोपशीर ठेवली. हेच भोळे ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर परखड लिहीत. चाल बांधणारा आणि चालीची चिकित्सा करणारा एकच माणूस! हे मला फार आवडतं, आणि तसा दुसरा पटकन आठवतही नाही.

ऑपेरा माझ्याकडे उशिरा आला, तोही पडद्यावरून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ ला मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’पासून आपले प्रयोग चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली. पुढे मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात ते दिसू लागले. इथे माझी चार दशकांची शिदोरी निम्मी कामाची आणि निम्मी अडचणीची ठरली. भाषा कळत नाही, कथा आधी वाचून जावी लागते, आणि गाणं थांबून बोलणं सुरू होईल ही अपेक्षा बहुतेक वेळा सोडावी लागते. मी एक पद्धत ठरवली. लिब्रेटो, म्हणजे ऑपेराची संहिता, अनुवादातून पूर्ण वाचायची, एखादं ध्वनिमुद्रण एकदाच ऐकायचं आणि मग प्रयोगापर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही. दहा वेळा ऐकून गेलं की आपण प्रयोग ऐकत नाही, ध्वनिमुद्रणाशी ताळा जुळवत बसतो.

रंगमंचाच्या वर अनुवादाच्या ओळी झळकवण्याची सोय १९८३ साली टोरोंटोत पहिल्यांदा झाली. त्याआधी लोक काय करत असतील याचं मला नवल वाटायचं. आता मीच त्या ओळींकडे बघणं टाळते. मान वर गेली की गायिकेचा चेहरा सुटतो, आणि विनोदाची ओळ आधी वाचून झाल्यामुळे हशा तिच्या तोंडून वाक्य निघायच्या आतच येऊन जातो.

जागा कुठली घ्यायची, हा व्यवहाराचा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. परीक्षण लिहिणाऱ्याला पुढच्या रांगेतला पास देण्याची पद्धत आहे. मान म्हणून ठीक, कानासाठी वाईट. तिथे ऑर्गन आणि तबला थेट ऐकू येतात आणि गायकाचा आवाज बाजूच्या स्पीकरमधून, त्यामुळे तोंड समोर आणि सूर उजव्या कानात असा चमत्कारिक प्रकार होतो. मी दहाव्या-अकराव्या रांगेच्या मध्यावरचं तिकीट स्वतः काढते. तिकीट आपलं असलं की लिहिताना हातही जरा मोकळा चालतो. ऑपेरागृहांत मात्र वरच्या सज्ज्यातल्या स्वस्त जागांवर आवाज पुष्कळदा जास्त चांगला पोहोचतो. जर्मन ऑपेराकार वॅग्नरने १८७६ साली बायरॉइट या गावी उघडलेल्या नाट्यगृहात वाद्यवृंद रंगमंचाखाली झाकून टाकला. वाद्यांचा नाद आधी रंगमंचाकडे जातो आणि तिथून गाणाऱ्याच्या आवाजाबरोबर प्रेक्षागृहात येतो.

टिपणं पेन्सिलीने. वही लांबट, अक्षर टपोरं, एका पानावर एकच प्रवेश. मोबाइल बंद, कारण त्या उजेडाने मागच्या रांगांचं नाटक बिघडतं. माझ्या खुणा मोजक्याच आहेत. ‘पु’ म्हणजे नाटक पुढे गेलं, ‘थ’ म्हणजे थांबलं, आणि गोल म्हणजे न गाणारं पात्र जिवंत होतं.

हा गोल महत्त्वाचा. पद सुरू झालं की प्रेक्षकांचं सगळं लक्ष गाणाऱ्यावर असतं. मी निम्मा वेळ दुसऱ्याकडे बघते. ज्याच्याकडे बघून गाणं चाललंय तो काय करतोय? पुष्कळ प्रयोगांत तो पुतळा झालेला असतो. चेहऱ्यावर एक कायमचं कौतुकाचं स्मित, नजर प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेवर, आणि मनात बहुधा आपलं पुढचं वाक्य. प्रेयसी आर्जव करतेय, जीव तोडून गातेय, आणि समोरचा नायक तानेला मान डोलावतोय! रसिक म्हणून त्याचं बरोबर आहे. पात्र म्हणून तो त्या क्षणी नाटकातून बाहेर पडलेला असतो.

एका हौशी संस्थेच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये अश्विनशेटचं गाणं कच्चं होतं, तार सप्तकात तर त्याचा श्वासच पुरत नव्हता. पण रेवतीचं काम करणारी मुलगी ऐकत होती. खरोखर ऐकत होती. हातातल्या वस्तू ती जागच्या जागी लावत होती. एका ओळीला तिचा हात थबकला, आणि पुढच्या ओळीला तीच वस्तू तिने गरजेपेक्षा जास्त जपून ठेवली. पद संपेपर्यंत त्या दोघांमधलं काहीतरी सरकलं होतं, आणि ते सरकवलं होतं न गाणाऱ्या मुलीने. परीक्षणात मी तिच्यासाठी चार वाक्यं लिहिली. संपादकांनी विचारलं, ‘अहो, पण त्या पदात ती गातच नाही ना?’ म्हटलं, म्हणूनच तर लिहिलंय.

दुसरी बघण्याची जागा म्हणजे सांधे. गद्यातून पदात शिरतानाचा एक, पदातून गद्यात उतरतानाचा दुसरा. मुरलेला संगीत नट पदाआधीचं शेवटचं वाक्य हळूहळू पट्टीत आणतो. ऑर्गनवाल्याने सूर धरलेलाच असतो, वाक्यातला शेवटचा शब्द त्या सुराजवळ येऊन टेकतो आणि गाणं कधी सुरू झालं ते कळत नाही. कच्चा नट वाक्य पुरं करतो, माइककडे दोन पावलं टाकतो, साथीदारांकडे बघतो, घसा साफ करतो. तेवढ्यात प्रेक्षागृहातलं प्रत्येक माणूस खुर्चीत सावरून बसतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीच्या धर्तीच्या संगीतिकांत ही सोय रचनेतच केलेली असते. संवाद चालू असतानाच वाद्यवृंद एखादा छोटा तुकडा खालच्या आवाजात घोळवत राहतो आणि नट तयार झाला की त्यावर गाणं उचलतो. मोझार्टच्या काळातल्या इटालियन ऑपेरात हार्पसिकॉर्डच्या आधाराने झरझर गायलेलं संभाषण असतं. ते कीर्तनकाराच्या गद्य-पद्याच्या सीमेवरच्या निरूपणासारखं वाटल्यावर माझं परकेपण बरंच कमी झालं.

उतरतानाचा सांधा जास्त अवघड. टाळ्या पडतात. टाळ्या चालू असेतो पात्राने काय करायचं? काही जण हात जोडतात. मग सुभद्रा किंवा सिंधू जाऊन तिथे आभार मानणारी गायिका उभी राहते. काही जण टाळ्यांवरच पुढचं वाक्य बोलून टाकतात आणि कथेतली नेमकी कळीची माहिती कुणालाच ऐकू येत नाही. चांगले नट तो वेळ पात्राचा म्हणून वापरतात: पाठ फिरवतात, बसतात, समोरच्याकडे बघून नजर चुकवतात. परीक्षणात मी हे लिहू लागले तेव्हा एका ज्येष्ठ नटाने निरोप पाठवला, ‘एवढं कुणी बघतं हे माहीत नव्हतं, आता सांभाळायला हवं.’

आता वन्स मोअर. या विषयावर माझं मत ऐकून काही मित्र माझ्याशी भांडले आहेत, तरी लिहिते. पुन्हा गाण्याची मागणी मला मुळात वाईट वाटत नाही. ती मराठी रंगभूमीचीच खोड आहे असंही नाही. १७८६ साली व्हिएन्नात मोझार्टच्या ‘मॅरेज ऑफ फिगारो’च्या प्रयोगांत इतकी गाणी पुन्हा मागितली गेली, की एकाहून अधिक आवाजांची गाणी पुन्हा गाऊ नयेत असा हुकूम सम्राट दुसऱ्या जोसेफला काढावा लागला. मेट्रोपॉलिटन ऑपेरात ही प्रथा जवळजवळ बंद पडली होती. १९९४ मध्ये पावारोत्तींनी एक गाणं पुन्हा म्हटलं, त्यानंतर थेट एप्रिल २००८ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेसने डोनिझेत्तीचं नऊ टिपेच्या सुरांचं गाणं दुसऱ्यांदा गायलं आणि त्याची बातमी झाली. आपल्याकडे बातमी झाली असती ती वन्स मोअर न मिळाल्याची.

मी वहीत फक्त एवढं टिपते, की वन्स मोअर कुठल्या जागी मिळाला आणि त्याची किंमत काय पडली. विनोदी किंवा शृंगाराच्या प्रवेशात पद पुन्हा झालं तर बिघडत नाही, प्रसंगच लाडिक असतो. ‘एकच प्याला’त सिंधूच्या दुःखाचं पद पुन्हा झालं की मला चरचरतं. एकदा हुंदका गिळून शेवटच्या ओळीपर्यंत आलेली बाई टाळ्यांसाठी उलटी फिरते आणि पुन्हा मुखड्यापासून दुःखी होते! दुसऱ्या खेपेला ताना जास्त येतात, हेही मी पाहिलं आहे. अठराव्या शतकातल्या ऑपेरात अशी पुनरावृत्ती रचनेतच असे. पहिला भाग, दुसरा भाग, मग पहिलाच भाग पुन्हा, या खेपेला गायकाच्या मर्जीच्या नक्षीकामासह, आणि मग टाळ्या घेत निर्गमन. ग्लुक या संगीतकाराने १७६९ मध्ये आपल्या ‘आल्चेस्ते’ या ऑपेराच्या प्रस्तावनेत गायकांच्या या हौसेविरुद्ध तक्रार केली: संगीताने काव्याची सेवा करावी, प्रसंग अडवू नये. ती प्रस्तावना वाचताना मला आपल्याकडच्या कितीतरी जुन्या परीक्षणांची आठवण झाली.

माझ्या या लाडक्या प्रश्नाला चांगला धक्का दिला तो ‘तीन पैशाचा तमाशा’ने. जॉन गेचा ‘बेगर्स ऑपेरा’ लंडनमध्ये १७२८ ला झाला. त्यावरून नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट व्हाइलचा ‘थ्रीपेनी ऑपेरा’ बर्लिनमध्ये १९२८ ला, आणि त्यावरून पुलंचं हे मराठी रूप १९७८ ला. ब्रेख्तला गाण्याने कथा पुढे न्यायचीच नव्हती. गाणं आलं की कथा मुद्दाम थांबते, नट प्रेक्षकांकडे वळतो, आणि आपण नाटक बघतोय याची जाणीव करून देतो. माझ्या खुणांप्रमाणे पानभर ‘थ’ पडले असते आणि ते सगळे चुकीचे ठरले असते. म्हणून अशा नाटकांसाठी प्रश्नाचं दुसरं टोक धरावं लागतं: थांबवलं, ठीक, पण थांबवून दाखवलं काय? उलट ‘संगीत देवबाभळी’त गाणं कामाच्या ओघात येतं. पायात काटा रुतलेली आवली आणि तिची शुश्रूषा करायला आलेली रखुमाई यांच्या बोलण्यातून, हातातल्या कामातून सूर निघतात. तिथे सांधाच सापडत नाही, आणि परीक्षण लिहायला तेच सगळ्यात कठीण.

ऑपेरात मला खरं नवं काही ऐकावं लागलं ते समूहगानात. आपलं नाट्यसंगीत मुळात एका गळ्याचं. द्वंद्वगीत असलं तरी पुरुषाची पट्टी वेगळी, बाईची वेगळी. कुणाला तरी आपली सोयीची पट्टी सोडावी लागते आणि बहुधा दोघं आळीपाळीने गातात. ऑपेरात आवाजांच्या जातीच ठरलेल्या असतात आणि चौघं-पाचजण एकाच वेळी वेगवेगळं बोलू शकतात. ‘फिगारो’च्या दुसऱ्या अंकाचा शेवट दोघांच्या भांडणापासून सुरू होतो आणि सुमारे वीस मिनिटांत सात जणांपर्यंत वाढत जातो. प्रत्येकाचा हेतू निराळा, आणि तरी कोण खोटं बोलतंय ते ऐकू येतं. पहिल्यांदा मी त्यातला एकच आवाज पकडून ठेवला आणि बाकीचे त्याच्याभोवती ऐकले. अजूनही तसंच करते. अशा वेळी टिपण घेत नाही, वही मिटून ठेवते.

पडद्यावर पाहिलेल्या ऑपेराचं परीक्षण लिहिताना पहिल्याच परिच्छेदात तसं सांगते. कारण साधं आहे. ऑपेरा गायक माइकशिवाय गातो. कमावलेल्या आवाजात तीन हजार हर्ट्झच्या आसपास ऊर्जा एकवटते. त्या पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर ओसरलेला असतो आणि माणसाचा कान तिथेच तीक्ष्ण असतो, म्हणून साठ-सत्तर वादकांवरून एकटा आवाज शेवटच्या रांगेत पोहोचतो. चित्रपटगृहात ही कसोटी उरतच नाही. माइक जवळ असतात, लहान आवाजही भरदार वाटतो. म्हणून तिथे मी आवाजाच्या आकाराबद्दल एक शब्द लिहीत नाही. उच्चार, अभिनय, लयीची समज यांबद्दल लिहिते. संगीत नाटकात आता कॉलर माइक आल्यापासून निम्मं गाणं ध्वनिसंयोजकाच्या हातात गेलं आहे, तेव्हा त्याचंही नाव मी परीक्षणात घालते. हस्तपत्रक हल्ली क्वचितच मिळतं. मग मध्यंतरात बुकिंगच्या खिडकीशी जाऊन ऑर्गन, तबला, ध्वनी, प्रकाश ही नावं विचारून, शुद्धलेखनासह उतरवून घेते. रंगपटात मात्र प्रयोग संपल्यावरही जात नाही. तिथे गेलं की सगळे दमलेले आणि गोड असतात.

‘मूळ गाणं असं नव्हतं’ हे वाक्य परीक्षण छापून आलं की हमखास ऐकावं लागतं. मूळ म्हणजे कुठलं? जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. आपल्या कानात बसलेलं मूळ गाणं पुष्कळदा त्या मापात कापलेलं असतं. रंगमंचावर तेच पद त्या रात्रीच्या रंगाप्रमाणे लांबत-आखडत असे. ऑपेराच्या रसिकांचंही तेच. व्हेर्दीच्या ‘इल त्रोवातोरे’त एका प्रसिद्ध गाण्याच्या शेवटी टिपेचा एक सूर लोक हक्काने मागतात. व्हेर्दीने तो लिहिलेलाच नाही. डिसेंबर २००० मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात वाद्यवृंदाचे संचालक रिकार्दो मुतींनी स्वरलिपीप्रमाणे तो सूर वगळला, तर सज्ज्यातल्या प्रेक्षकांनी दंगा केला. मी अशा तक्रारींना उत्तर देते, पण तबकडीचा हवाला परीक्षणात घेत नाही. समोरच्या मुलीने आज काय केलं, एवढंच त्यात येतं.

रूपाबद्दल लिहायचं का? २०१४ साली इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न महोत्सवातल्या एका प्रयोगानंतर काही समीक्षकांनी गायिकेच्या बांध्यावरच शेरे मारले आणि मोठा गदारोळ झाला. व्हेनिसला ६ मार्च १८५३ रोजी ‘ला त्राव्हियाता’ पडलं, त्यालाही एक कारण हेच: क्षयाने मरणारी नायिका धडधाकट दिसते म्हणून लोक हसले. पुढच्याच वर्षी थोड्या फेरफारांनी त्याच शहरात ते गाजलं. आपण तर चाळिशी उलटलेल्या पुरुषाला नववधू म्हणून डोक्यावर घेतलेला समाज. तेव्हा नायिका वयस्कर दिसते असं लिहिणं आपल्याला शोभत नाही. आवाजातलं वय मात्र मी लिहिते. सोळा वर्षांच्या मुलीचं अल्लड पद कुणी पन्नास वर्षांच्या रियाजाच्या ठसक्याने गायलं, तर तो भूमिकेचा प्रश्न आहे.

लिहायला बसते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री फक्त प्रवेशांची यादी करून ठेवते, नाहीतर खुणांचा अर्थ लागत नाही. कथानकाला तीन वाक्यं, जास्तीत जास्त. सुरुवात नाटक जिथे वळलं त्या जागेपासून. ‘दाणेदार’, ‘गोळीबंद’, ‘सुरेल’ असले शब्द पहिल्या खर्ड्यात येतातच. दुसऱ्या खर्ड्यात त्यांच्या जागी घडलेली गोष्ट लिहायची: तान कुठल्या शब्दावर घेतली, तो शब्द ऐकू आला का, श्वास कुठे तोडला. प्रयोगाची तारीख आणि नाट्यगृह लिहिते, कारण गळा रोज सारखा नसतो. गायक आजारी आहे असं स्पष्ट ऐकू आलं तर परीक्षण थांबवून पुन्हा तिकीट काढते. शुभारंभाच्या प्रयोगावर लिहायचं शक्यतो टाळते. संपादकांना ते आवडत नाही.

फोन येतात. ‘तुम्ही एकदा गाऊन दाखवा’ हा सगळ्यात जुना. मला गाता येत नाही, हे मी पहिल्याच परीक्षणात छापून टाकलं होतं, त्यामुळे तो फोन लवकर संपतो.

हल्ली एका गोष्टीवर माझं ठरत नाही. दौऱ्याचा खर्च परवडत नाही म्हणून काही संस्था साथीदारांऐवजी ध्वनिमुद्रित ट्रॅकवर प्रयोग करतात. अडचण खरी आहे, वादकांना घेऊन गावोगाव फिरणं सोपं नाही. पण ट्रॅक थांबत नाही. नटाला एखादी ओळ सुचून पुन्हा म्हणावीशी वाटली, समोरच्याच्या डोळ्यांत काही दिसलं म्हणून क्षणभर रेंगाळावंसं वाटलं, तरी ट्रॅक त्याला ओढत पुढे नेतो. वन्स मोअर तर शक्यच नाही, आणि आश्चर्य म्हणजे अशा प्रयोगात मला त्याची उणीव भासते. सांधेही सगळे एकसारखे होतात, कारण सूर नटाची वाट न पाहता सुरू होतो. गेल्या परीक्षणात मी नटांच्या नावांखाली ‘साथ: ध्वनिमुद्रित’ एवढंच लिहिलं. त्यावर निर्मात्यांचा फोन आला, की हे लिहायची गरज नव्हती, प्रेक्षकांना कळतही नाही. पुढच्या प्रयोगाचं तिकीट काढलं आहे. या वेळी त्या ओळीखाली आणखी दोन वाक्यं घालणार आहे.